बिनआवाजाचा फिल्टर

दुकानात शिरताच काकांनी अट घातली, "आवाज न करणारा फिल्टर दाखवा."

घरी खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. आत प्रवाळ आणि दोन नारिंगी मासे. तो सगळा काकूंचा संसार. हिवाळ्यात काकू गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ जुन्या फिल्टरनेही मान टाकली. नवा लगेच बसला नाही, तर काकूंचे मासेही हातचे जाणार होते.

जुन्या फिल्टरशी काकांचं उभं वैर होतं. दुपारी जरा डोळा लागला की त्याची गुडगुड सुरू. "बंद कर गं ते," काका पडल्या पडल्या ओरडायचे. "मासे मरतील. तुम्ही नाही झोपलात तर कुणी मरत नाही," असं स्वयंपाकघरातून उत्तर यायचं. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

दुकानदाराने फेस करून घाण बाहेर काढणारा नवा फिल्टर घरी येऊन बसवला. आवाज येईल तर शपथ! काका समाधानाने आडवे झाले, पण डोळा काही लागेना. तो चालू आहे की बंद पडलाय, कळायला मार्गच नव्हता. ते उठून पाहून आले. पुन्हा पडले, पुन्हा उठले. शेवटी त्याने निदान थोडी कुरकुर तरी करावी म्हणून त्यांनी हवेची कळ पूर्ण पिळली. कुरकुर राहिली बाजूला, फिल्टर भडाभडा फेस ओकू लागला. फेस गालिच्यावर पसरला, तिथून गॅलरीत गेला आणि गॅलरीतून खालच्या बाईंच्या धुतलेल्या चादरींवर उतरला.

बाई तावातावाने वर आल्या. जमिनीवर फडकं घेऊन बसलेले काका दिसले, तेव्हा त्यांनीही एक फडकं उचललं.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा दुकानात गेले. दुकानदार एकेक फिल्टर पाण्यात सोडून चालू करत होता आणि काका डोळे मिटून ऐकत होते. हा फार घोगरा, तो फार बारीक.

"काका, फिल्टर घेताय की वाजवायची पेटी?" दुकानदार वैतागला. मग त्याने माळ्यावरून धुळीने माखलेला एक खोका काढला. "हा काम चोख करतो, पण फार गुडगुडतो. सगळे परत आणून देतात."

फिल्टर सुरू झाला आणि काकांना भडभडून आलं. "हाच द्या," ते म्हणाले.

त्या दुपारी मासे निवांत फिरत होते आणि घरभर गुडगुड चालली होती. काकांचा डोळा लागता लागता सवयीने तोंडातून गेलं, "बंद कर गं ते."

स्वयंपाकघरातून उत्तर आलं नाही. काकांनी थोडा वेळ वाट पाहिली.

"मासे मरतील," ते स्वतःच पुटपुटले आणि कुशीवर वळले.