ठणठणीत कोरडा आठवडा

सासूबाईंनी जावयाला लग्नानंतर पहिल्यांदाच काही विचारलं, आणि तेही थेट त्याच्या नोकरीतलं. धाकट्या मेहुणीला लग्न बागेत, उघड्यावर हवं होतं आणि नवऱ्यामुलाला सुट्टी मिळत होती ती नेमकी पावसाळ्यात. मग पावसाच्या कचेरीत खुर्च्या उबवणारा घरचा माणूस कामाला यायचा तरी कधी? जावई हरखून गेला. आजवर त्या घरात पडद्याच्या रंगाबद्दलसुद्धा त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्याने बागेजवळच्या पर्जन्यमापकाच्या जुन्यानव्या एक्सेल फायली गोळा केल्या आणि विश्लेषणाच्या प्रोग्रॅममध्ये घालायला घेतल्या. प्रोग्रॅम काही घेईना. कुठे तारखा उलटसुलट, कुठे आकड्याला ‘मिमी’ चिकटलेलं. ते सगळं त्याने निगुतीने निस्तरलं. उरले मधले रिकामे चौकोन. तिथे आलं की प्रोग्रॅम हटून बसायचा. शेवटी वैतागून त्याने सगळ्या रिकाम्या जागी शून्य भरून टाकलं आणि गाडी सुरळीत चालू लागली. निकाल पाहून तर तो खुर्चीतून उठलाच. ऐन पावसाळ्यात एक अख्खा आठवडा, वर्षानुवर्षं, ठणठणीत कोरडा!

त्याने सासूबाईंना छातीठोकपणे तारीख दिली. बाग ठरली, पत्रिका वाटून झाल्या, आणि जावई सासुरवाडीत ताठ मानेने हिंडू लागला. सासरे त्याच्यासाठी चांगली खुर्ची सोडू लागले. बायकोसुद्धा चारचौघांत त्याचं वाक्य पुरं होऊ देऊ लागली.

लग्न तोंडावर आलं आणि त्या मापकाची नोंद ठेवणारे काका काही कामासाठी कचेरीत आले. जावयाने त्यांना चहा पाजला आणि त्यांच्या भागातल्या त्या गुणी आठवड्याचं तोंडभरून कौतुक केलं.

काकांनी कप खाली ठेवला. “कोरडा? अहो, त्या आठवड्यात ओढा रस्त्यावर येतो. मापकापर्यंत पोचायचं कसं? म्हणून तर मी ती जागा रिकामी सोडतो.”

जावयाची कमावलेली इज्जत तर जाणारच होती, वर भरमांडवात सगळं वऱ्हाड भिजणार होतं. संध्याकाळी तो सासूबाईंपुढे जाऊन उभा राहिला आणि खाली मान घालून सगळं सांगून मोकळा झाला.

सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

“हॉल घेतलाय मी, त्याच तारखेचा. बाग आपली पोरीच्या हट्टापायी.”

“हॉल? कधी घेतलात?”

“तुम्ही कोरडा म्हणालात ना, तेव्हाच.”

जावयाला हायसं वाटलं आणि अपमानही झाला. आधी काय दाखवावं ते ठरेना, म्हणून तो तसाच उभा राहिला. सासूबाईंनी मायेने मूठभर मटार त्याच्या हातावर ठेवले.

“पण तुम्ही सांगत जा हं, जावईबापू. आम्हाला ठरवायला सोपं जातं.”