झाडाला घातलेला कोट

मी फक्त झाडाला कोट घातला. याहून जास्त काही केलं असेल तर दाखवून द्या. विमा कंपनीच्या दावे विभागात माझी सगळी नोकरी झाली आहे, त्यामुळे घडलेली गोष्ट क्रमाने सांगायची मला सवय आहे. पण ही गोष्ट सांगायला बसलो की मी मध्येच उठतो आणि मागच्या दाराची कडी लागली आहे ना, ते बघून येतो.

झाड ब्रुग्मान्सियाचं. (हे नाव पहिल्यांदा उच्चारताना आमच्या साहेबांची कवळी हलली होती. तेव्हापासून ते नुसतं ‘तुमचं ते’ म्हणतात.) धोतऱ्याच्या नात्यातलंच, पण धोतऱ्याची फुलं वर बघतात आणि ही खाली मान घालून लोंबतात. एकेक फूल दीड वीत लांब. दिवसभर त्यांना वास नसतो. ऊन उतरलं, की कुणीतरी अत्तर लावून दारात येऊन उभं राहिल्यासारखा सुगंध येतो, आणि आपण नकळत ‘कोण आहे’ म्हणून विचारतो. मुळापासून बीपर्यंत सगळं झाड विषारी. हातमोजे घातल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही.

पहिली फांदी मला ऑफिसातल्या टंकलेखक बाईंनी निवृत्त होताना दिली. ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक वाळकी काडी. पाण्यात ठेवा, मुळं फुटतील, म्हणाल्या. बाकीच्या झाडांशी बोललं तर ती छान वाढतात, पण याच्याशी बोलू नका, त्याला सवय लागते, असंही म्हणाल्या. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

पुढे काय झालं ते ज्यांना छंद आहे त्यांनाच कळेल. हे खोड सरळसोट वाढत जातं आणि माणसाच्या खांद्याइतकं झालं की दुभागतं. दुभागल्याशिवाय फूल नाही. त्या दोन फांद्या फुटायची वाट बघण्यात जे सुख आहे ते मला बढतीची वाट बघण्यात कधी मिळालं नाही (बढती अजून दुभागलेली नाही). पहिलं फूल उमललं तेव्हा ते हिरवट होतं, संध्याकाळी पांढरं झालं आणि दुसऱ्या दिवशी पीचच्या सालीसारखं गुलाबी. ते बघायला मी रजा काढली. मग पिवळं मिळवलं, केशरी मिळवलं, झालरीच्या आत झालर असलेलं मिळवलं. कधी न भेटलेली माणसं मला पोस्टाने काड्या पाठवू लागली आणि मी त्यांना. घराच्या मागे बाग भरली. मग पाण्यात ठेवलेल्या काड्यांनी स्वयंपाकघराची खिडकी भरली, नंतर बाथरूम भरलं, आणि शेवटी बायकोचा चहाचा थर्मासही गेला.

मुलगी नोकरीसाठी दूर गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बायको कमी बोलू लागली होती. मला वाटलं, वयाने येते ती शांतता. मग एक दिवस पलंगाखालची बॅग पलंगावर आली. “रविवारी ताई गाडी घेऊन येतेय,” ती म्हणाली. “मी तिच्याकडे राहायला जाते.” किती दिवस, विचारलं तर “बघू” म्हणाली. हिचं ‘बघू’ म्हणजे काय ते मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी कळलं होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, की आत्ता नको जाऊस, केशरीला कळ्या धरल्यात. (हे उत्तर अपेक्षित नव्हतं, हे आता लक्षात येतं.)

त्याच संध्याकाळी रेडिओवर कडाक्याच्या थंडीचा इशारा आला. या झाडाला थंडी अजिबात सोसत नाही, पानं काळी पडतात. लहान कुंड्या मी आत घेतल्या. जमिनीतल्या सगळ्यात मोठ्या झाडाला पांघरायला चादर मागायची माझी हिंमत नव्हती. तेव्हा मी माझा तपकिरी ओव्हरकोट त्याला घातला. दुभागलेल्या दोन फांद्या दोन बाह्यांत अशा गेल्या, की शिंप्याने माप घेतलं असावं. वर मफलर आणि टोपी. मागे सरून बघितलं तर तिथे मी उभा होतो. माझ्यासारखाच जरा पुढे वाकलेला.

दुसऱ्या दिवशी शेजारचे दंतवैद्य मला रस्त्यात भेटले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, की काल तुम्ही माझं जे ऐकून घेतलंत त्याने मन मोकळं झालं. कुंपणाजवळ थांबून त्यांनी मला त्यांच्या भावाशी झालेल्या भांडणाची सगळी हकीकत सांगितली होती म्हणे. मी एकदाही मध्ये बोललो नाही, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. चष्मा बदला, असं सांगणार होतो, पण माणसाचे डोळे भरले होते.

त्या संध्याकाळी मी बाथरूममध्ये काड्यांचं पाणी बदलत होतो. धुरकट काचेपलीकडून बायकोचा आवाज आला. बागेत ती एकटी कधी पाऊल टाकत नसे, म्हणून मी कान दिला. काचेत दोन आकृत्या दिसत होत्या, एक स्टुलावर बसलेली आणि एक कोटातली, वाकलेली. ती झाडाशी बोलत होती. तिला वाटत होतं, तो मीच आहे.

ती म्हणत होती, की मुलगी गेल्यापासून दुपारी घड्याळाची टिकटिक ऐकू येते आणि ती रेडिओ मोठा करते. की या घरात काडीला मूळ फुटलं तर पेढे वाटल्यासारखा आनंद होतो, पण ती चार दिवस लंगडतेय ते कुणाला दिसत नाही. की जायची तिला हौस नाही, पण इथे असून नसल्यासारखं राहण्यापेक्षा ते बरं. मी हातात काडी धरून उभा होतो. मला बाहेर जायला हवं होतं, आणि लाजही वाटत होती. गेलो तर ती गप्प होईल, हेही ठाऊक होतं. मी नाही गेलो.

आत आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसत होता. तिने चहा केला, मला आधी दिला, आणि बॅगेतून एक स्वेटर काढून कपाटात ठेवला. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकून घेतलंत,” एवढंच म्हणाली.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? खरं बोलायचं, तर स्वेटर परत बॅगेत. त्यामुळे रोज ऑफिसातून आलो की कोट झाडाला चढवायचा आणि आपण बाथरूममध्ये दडायचं, असा क्रम सुरू झाला. रोज बॅगेतलं काहीतरी कपाटात जात होतं. मी खूश होतो, आणि आतून चरफडतही होतो. माझ्याच बायकोला माझाच कोट घालून कुणीतरी पटवतंय, असं वाटायचं. सकाळी कोट काढताना तो आतून किंचित कोमट लागायचा. उन्हामुळे, असं मी नोंदवलं. ऊन अजून पडायचं होतं.

शुक्रवारी साहेबांनी मला थांबवून घेतलं. घरी धावत पोहोचलो तोवर अंधारून आलं होतं आणि वास रस्त्यापर्यंत आला होता. कोट चढवायचा राहिला म्हणून मी धापा टाकत मागच्या खिडकीशी गेलो. बायको स्टुलावर बसली होती. समोर तो उभा होता. व्हरांड्यातल्या खुंटीवर कोट नव्हता, तेव्हा म्हटलं, सकाळी काढायलाच विसरलो असेन. बायको हसत होती. ते हसू मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि त्यात सगळ्यात वाईट म्हणजे ती मधूनमधून थांबत होती. समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघत थांबतात ना, तशी.

शनिवारी सकाळी लाँड्रीवाला आला. त्याच्या हातात माझा तपकिरी कोट होता, धुऊन, प्लास्टिकमध्ये. काल सकाळी बाईंनीच दिला होता, म्हणाला.

मी आत जाऊन विचारलं. फार मळला होता म्हणून दिला, ती म्हणाली. मी जपून विचारलं, की मग काल संध्याकाळी बागेत मी काय घातलं होतं?

“नुसता शर्ट,” ती म्हणाली. “मी म्हटलंसुद्धा, सर्दी होईल. तर म्हणालात, माझं राहू दे, तुझा गुडघा कसा आहे ते सांग.”

मी खुर्चीवर बसलो. मग सगळं सांगून टाकलं. तो मी नव्हतो, पहिल्या दिवसापासून नव्हतो, झाड होतं. आणि काल तर कोटही नव्हता, तेव्हा काल जे काही झालं तो भास होता. या फुलांच्या वासाने माणसाला भास होतात असं म्हणतात, हा मुद्दा मी विशेष जोर देऊन मांडला. ती शांतपणे डाळ निवडत होती. “माझं नाक चार दिवस चोंदलंय,” ती म्हणाली. “तुम्हाला कुठलं माहीत असणार.”

मी भर दुपारी बागेत गेलो. झाड झाडासारखंच होतं. फुलं खाली मान घालून होती. बुंध्याशी ओल्या मातीत बुटांचे दोन ठसे होते, शेजारी शेजारी, बराच वेळ एकाच जागी उभं राहिल्यावर उठतात तसे खोल. दावा तपासायची सवय, म्हणून मी माझा बूट त्यात ठेवून बघितला. बरोबर बसला. फक्त माझ्या बुटाची डावी टाच झिजलेली आहे आणि त्या ठशाची नव्हती. मी बूट काढून घेतला आणि चालत घरात आलो. पळालो नाही.

रविवारी ताई गाडी घेऊन आली. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. माझी बायको तिला म्हणाली, “मी नाही येत. मला आता इथे बरं वाटतंय.” जाताना ताईने माझ्याकडे असं बघितलं, की मी काहीतरी चांगलं केलं असावं. गाडी गेली. बॅग रिकामी होऊन पलंगाखाली गेली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. मी ठरवलं की आता पुरे. ही माझी बायको आहे आणि तिचं मीच ऐकणार.

संध्याकाळ व्हायच्या आत मी कोट, मफलर, टोपी घालून झाडासमोर जाऊन उभा राहिलो. पाठीला फांद्या टेकत होत्या. वास सुटला. मानेवर काहीतरी गार लोंबत होतं आणि ते फूलच आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. बायको शाल गुंडाळून आली, स्टुलावर बसली, बोलू लागली. मी एक अक्षर मध्ये बोललो नाही. (इतकं कठीण काम मी आयुष्यात केलेलं नाही.) ती थांबली तेव्हा मी हळूच, मायेने विचारलं, “गुडघा कसा आहे?”

ती पुढे वाकली आणि टोपीखाली नीट बघितलं.

“अच्छा, तुम्ही आहात होय,” ती म्हणाली. तिचा आवाज पडला होता, पण रागाचा नव्हता. “आत जा, जेवण झाकून ठेवलंय. आणि जाताना कोट काढून ठेवा. परवा ह्यांना फार थंडी वाजत होती.”