बिळात शिकलेला प्रधान

एका जंगलात आश्विन वद्य तृतीया होती. सकाळी कडक ऊन, दुपारनंतर ईशान्येला काळे ढग, वारा अगदी पडलेला.

मुलांनो, असा दिवस आला की त्या जंगलातले प्राणी एका उंच वडाकडे बघत. सिंहमहाराज त्या वडाखाली सभा भरवत, आणि दर आश्विनात त्या वडावर वीज पडे. गेल्या वर्षी पेटलेली फांदी कोसळली. मुळाशी साळिंदरांचे बीळ होते, त्याचे तोंड बुजले. सळ्या नावाचे तरुण साळिंदर आणि त्याची आई खोकत खोकत कसेबसे बाहेर आले.

तेव्हापासून सळ्याने ठरवले होते, वीज म्हणजे काय ते शिकायचे.

तो बकोपंत बगळ्यांच्या पाठशाळेत गेला. त्यांची दक्षिणा एक मासा. सळ्याने कंद पुढे केला.

"हे काय रे?"

"कंद, गुरुजी. गोड आहे."

"मी दिवसभर एका पायावर उभा राहतो, तो कंदासाठी? चल, चालता हो!"

सळ्या चालता झाला आणि मागच्या बाजूने खणू लागला. पाठशाळेच्या बरोबर खाली त्याने बीळ पाडले. वर बकोपंत शिकवत, खाली सळ्या ऐके.

"अरे, गुरूच्या पायाशी बसून शिकावं," आई म्हणाली, "पायाखाली घुसून नाही!"

पण सळ्याची खोड निराळी. ऐकलेली गोष्ट तो करून बघे. बकोपंत म्हणाले, चित्त शांत ठेवले की मासा आपणहून तोंडात येतो. सळ्या दिवसभर ओढ्यात तोंड उघडून बसला. त्याला पडसे झाले. बकोपंत म्हणाले, वीज उंच वस्तूवर रागावते. सळ्याने शिकाऱ्यांच्या मोडलेल्या तळावरून तांब्याची तार आणली. ती टेकडीवरच्या उंच बांबूला शेंड्यापासून बांधली आणि दुसरे टोक चिखलात पुरले. वीज पडली, तारेवरून चिखलात गेली. बांबू हिरवाच राहिला.

आता तीच तार वडाला बांधायची होती. त्यासाठी महाराजांची परवानगी हवी, म्हणून त्या तृतीयेला सळ्या सभेत उभा राहिला.

पण त्या सभेची एक रीत होती. बोलण्याआधी गुरूचे नाव सांगायचे. ज्याला गुरू नाही, त्याने तोंड उघडायचे नाही.

"गुरू कोण?" महाराजांनी विचारले.

"कोणी नाही, महाराज. मी करून करून शिकलो."

सभा खो खो हसली. वडाच्या शेंड्यावर बसलेले बकोपंत सर्वांत मोठ्याने हसले. "निगुरा! आता साळिंदरं विजेला वळण लावणार!"

"खाली बस," महाराज म्हणाले.

ढग गडगडले. आई अजून वडाच्या मुळाशी बिळातच होती. सळ्याने एकदा बिळाकडे पाहिले, एकदा शेंड्याकडे.

"चुकलो, महाराज. माझे गुरू बकोपंत. वीज उंच वस्तूवर रागावते, हे त्यांनीच शिकवलं. आणि या घटकेला सभेत सर्वांत उंच तेच बसले आहेत."

बकोपंतांनी वर पाहिले. मग खाली पाहिले.

"महाराज, हा तर माझा लाडका शिष्य!" ते ओरडले. "बांधू द्या त्याला तार! लवकर बांधू द्या!"

वानरांनी तार शेंड्यापर्यंत चढवली, दुसरे टोक ओढ्यात सोडले. सर्वांच्या आधी बकोपंत खाली उतरले. वीज पडली आणि तारेवरून ओढ्यात गेली. वडाचे पानही जळले नाही. आई बिळातून बाहेर येऊन म्हणाली, "पुन्हा पडसं नाही ना झालं?"

बकोपंत राजगुरू झाले. पाठशाळेची दक्षिणा दोन मासे झाली. सळ्या प्रधान झाला. लोक त्याला सळोजीराव म्हणू लागले. दर आश्विनात पाठशाळेत त्याचे 'स्वकष्टाने शिका' या विषयावर व्याख्यान होई.

पुढे पाठशाळेच्या अंगणात त्याचा दगडी पुतळा बसवला. पहिल्याच पावसात तो एका अंगावर कलला, कारण खाली जमीन पोकळ होती. प्रधानांनी हुकूम काढला. पाठशाळेखालचे ते बीळ दगडमातीने बुजवण्यात आले. पुतळा सरळ उभा आहे.

तात्पर्य : मुलांनो, ज्ञान कुठूनही मिळवावे, पण गुरू मात्र असा निवडावा, जो झाडाच्या शेंड्यावर बसला आहे.