एकोणतीस सदस्य, तीस मतं

"आज फक्त हात वर करायचा, की आपले दिवस पालटले म्हणून समज," आरशासमोर सदऱ्याची बटणं लावता लावता रंगाऱ्याने बायकोला सांगितलं.

"हात वर होईल ना पण? काल जेवताना घास उचलत नव्हता."

"तीस वर्षं छतं रंगवतोय मी. हात वर करण्यात आपला हात धरणारा या नगरात कुणी नाही."

गोष्ट खरी होती. दोन बड्या उमेदवारांच्या भांडणात मतं फुटली आणि आठ महिन्यांपूर्वी हा रंगारी नगरसेवक झाला. प्रभागातल्या घराघरांत तो शिडीवर चढलेला, त्यामुळे चेहऱ्यापेक्षा पायांनी लोकांच्या जास्त ओळखीचा. पण नगरसेवकाच्या मानधनावर घर चालेना. म्हणून सकाळी ब्रश, दुपारी सभागृह. नुकतंच टपाल कचेरीचं छत त्याने सहा दिवस मान मोडून रंगवलं आणि सातव्या दिवशी उजव्या खांद्याने असहकार पुकारला.

अशात मानधनवाढीचा ठराव आला. मानधन दुप्पट, प्रवासभत्ता, फोनचा खर्च आणि सहकुटुंब औषधोपचार. औषधोपचार हा शब्द ऐकल्यापासून खांद्याचं दुखणंही जरा अदबीने वागू लागलं होतं.

सत्ताधारी पंधरा, त्यांत रंगारी एक; विरोधक चौदा. सत्ताधाऱ्यांच्या गटनेत्याने सभागृहाच्या दारातच त्याला गाठलं. "बुवा, बोलायचं काही नाही. हात वर करायचा, खाली घ्यायचा. बस."

सभागृहात पाऊल टाकलं की रंगारी अजूनही बावरायचा. एवढ्या उंच खिडक्या, मऊ खुर्च्या, आणि आपण आत शिरताना शिपाई चक्क उठून उभा राहतो! आज तर गॅलरीही गच्च भरलेली. सफाई कामगार, भाजीवाल्या, काठी टेकत आलेले पेन्शनर. आपले सेवक स्वतःला किती वाढून घेतात ते बघायला आलेले. त्यांत त्याची बायकोही होती.

नगराध्यक्षांनी विचारलं, "ठरावाच्या बाजूने?"

रंगाऱ्याने असा काही जोरात हात वर केला की शेजारच्याचा चष्मा उडाला. खांद्यात कुलूप लागावं तसा 'कट्' आवाज झाला.

नगरसचिव म्हणजे पेन्सिलीचं टोक रोवून मोजणारा माणूस. त्याने मोजलं. "बाजूने पंधरा."

हात खाली आले. रंगाऱ्याचा आला नाही. त्याने दंडाला मनोमन आज्ञा केली, विनवणी केली. हात ढिम्म. जरा हलवावा तर अशी कळ, की डोळ्यांपुढे काजवे.

"विरोधात?"

विरोधकांचे चौदा हात वर गेले. खरं तर त्यांचा विरोध वाढीला नव्हता. ती दुसऱ्यांच्या हातून होतेय, याला होता.

नगरसचिवाने मोजलं. पुन्हा मोजलं. घाम पुसला. "विरोधात पंधरा. साहेब, सदस्य एकोणतीस आणि मतं तीस झाली."

"असं कसं होईल? पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. पुन्हा तीस. मग सगळ्यांच्या माना त्या एकट्या हाताकडे वळल्या. गटनेता दातओठ खात पुटपुटला, "बुवा, हात खाली घ्या. खाली."

रंगाऱ्याने सांगायला तोंड उघडलं. शब्दाऐवजी एक बारीक हुंदका आला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

गॅलरीतले लोक वाकून पाहू लागले.

तेवढ्यात विरोधी बाकावरून शाळेच्या बाई उठल्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, सभागृहात चौथ्यांदा निवडून आलेल्या. "अध्यक्ष महाराज," त्या शांतपणे म्हणाल्या, "मला या हाताचा अर्थ कळतो. पक्षाची आज्ञा म्हणून तो वर गेला, आणि आता स्वतःचं मन त्याला खाली येऊ देत नाही. माणसाच्या डोळ्यांत पाणी आहे. आपल्यापैकी कुणाच्या डोळ्यांत या ठरावाने पाणी आणलं?"

गटनेत्याने उगाच कागद चाळले.

"माझी उपसूचना आहे," बाई पुढे म्हणाल्या. "मानधन आहे तेवढंच ठेवावं. वाढीसाठी काढून ठेवलेली रक्कम आपल्या दवाखान्याला द्यावी. तिथे अकरा वर्षं हाडांचा डॉक्टर नाही. कोण बाजूने आहे?"

एक हात तर आधीच वर होता.

गॅलरीतून कुणीतरी काठी आपटली. मग सगळी गॅलरी उभी राहिली. ना घोषणा, ना टाळ्या, नुसती उभी. त्या नजरांखाली पहिल्या बाकावरचा एक हात हळूहळू वर गेला. मग दुसरा. भाजीवाल्यांच्या प्रभागातले एक भाऊ होते, त्यांचे तर दोन्ही हात वर गेले. विरोधकांचे गेले. शेवटी गटनेत्याने डोळे मिटले आणि कडू काढा घ्यावा तसा आपलाही वर केला.

रंगाऱ्याला मान तेवढी वळवता येत होती. त्याने मागे पाहिलं आणि कळ विसरला. या माणसांना त्याने आठ महिने एकमेकांवर बोटं रोखताना पाहिलं होतं. आता तेच सगळे वर्गातल्या मुलांसारखे हात वर करून बसले होते. एकेकाच्या चेहऱ्यावर आपण हे काय केलं याचा अचंबा, आणि त्याच्याही खाली कुठेतरी थोडा आनंद. आपल्या खांद्याने हे केलं यावर त्याचा विश्वास बसेना.

"एकोणतीस," नगरसचिव म्हणाला. "साहेब, नोकरीत पहिल्यांदाच मला बेरीज करावी लागली नाही."

सभा संपली, हात खाली आले. एकच उरला.

"इतिवृत्त लिहून होईपर्यंत ते हात खाली घेणार नाहीत," गॅलरीत कुणीतरी भारावून म्हणालं. नगरसचिवाने ते ऐकलं आणि धावत्या अक्षरात लिहू लागला. सगळे उभ्याने वाट पाहत राहिले. लिहून झालं, सही झाली, शिक्का पडला. हात वरच.

तेव्हा गर्दीतून बायको खाली आली. त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "अहो, खांदा धरलाय का?"

त्याने डोळ्यांनीच हो म्हटलं.

"चला दवाखान्यात. आणि तोंड मिटा, लोक बघतायत."

दवाखाना चार गल्ल्या पलीकडे. ते दोघं रस्त्याने निघाले तर बातमी पुढे पोचलेली. दुकानदारांनी हात वर करून त्याला प्रतिसाद दिला. तीन बसगाड्या थांबल्या. दोन आदराने, तिसरीच्या चालकाला वाटलं, त्याला चढायचंय.

दवाखान्यात परिचारिकेने त्याला आदराने स्टुलावर बसवलं. "हाडांचे डॉक्टर आता येणार बघा. आजच ठराव झालाय. दोन-तीन महिन्यांत हजर होतील."

"तोवर हे असेच राहणार का?" बायकोने विचारलं.

शेवटी दवाखान्याच्या म्हाताऱ्या कंपाउंडरने त्याला सतरंजीवर निजवलं, काखेत पाय रोवला आणि असा हिसका दिला, की बाहेर रांगेतल्या दोघांचं दुखणं जागच्या जागी बरं झालं. हात खाली आला. तो गळ्यातल्या झोळीत घालून रंगारी घरी आला.

दोन दिवस माणसांची रीघ लागली. तो प्रत्येकाला सांगायचा, "अहो, खांदा अडकला होता." लोक एकमेकांकडे बघून म्हणायचे, "काय विनय आहे!" एका पेन्शनराने तर त्याला वाकून नमस्कार केला. रंगाऱ्याला जेवण गोड लागेना. फुकटचं मोठेपण अंगाला बोचतं.

तिसऱ्या दिवशी तो थेट शाळेच्या बाईंच्या घरी गेला. बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"बाई, मला माफ करा. तुम्ही एवढं चांगलं बोललात. पण मन वगैरे काही नव्हतं. मी तर वाढीच्याच बाजूने होतो. खांदा अडकला म्हणून—"

"ठाऊक आहे मला."

"म्हणजे?"

"चाळीस वर्षं वर्गात काढली मी. कुठला हात उत्तर देण्यासाठी वर आहे आणि कुठला पोटात कळ आली म्हणून, ते मला फळ्याकडे तोंड करूनही कळतं."

"मग तुम्ही..."

"हाडांच्या डॉक्टरची सूचना मी नऊ वेळा मांडली. नऊही वेळा तिच्या बाजूने एकच हात होता, माझा. आमच्याच लोकांनी कधी साथ दिली नाही. त्या दिवशी दुसरा दिसला." बाईंनी तांब्या खाली ठेवला. "तो खाली यायच्या आत उरकून घेतलं."

रंगाऱ्याने मनातल्या मनात त्यांना साष्टांग दंडवत घातला. झोळीमुळे प्रत्यक्ष जमण्यासारखं नव्हतं. तो निघाला, तशी बाईंनी फाटकापर्यंत सोबत केली.

"पुढच्या महिन्यात शाळांच्या गळक्या छपरांचा विषय आणतेय," त्या म्हणाल्या. "डावा खांदा कसा आहे तुमचा?"