कु. लक्ष्मण, वय त्रेचाळीस

एका तहसील कचेरीतील अव्वल कारकून श्री. लक्ष्मण वारलू गुरनुले, राहणार भद्रावती, यांनी सन २००३ च्या मे महिन्यातील दुसऱ्या शनिवारी आपल्या आईवडिलांना आनंद देण्याचे ठरवले. निर्णय अचानक झालेला नव्हता. त्यापूर्वी पंधरा वर्षे तो विचाराधीन होता.

प्रकरणाला गती मिळाली ती शेजारच्या टेबलावरच्या अंजनाबाईंमुळे. त्यांनी सासू-सासऱ्यांना नागपूर रस्त्यावर नव्याने उघडलेल्या 'मौजपुरी' नावाच्या मनोरंजन नगरीत नेऊन आणले आणि तिथला फोटो टेबलाच्या काचेखाली ठेवला. फोटोत दोघे म्हातारे प्लास्टिकच्या हत्तीखाली शिक्षा झाल्यासारखे बसले होते. येणारा-जाणारा फोटो बघून म्हणे, "आजकाल कोण एवढं करतं, बाई!" महिनाभरात कचेरीतल्या चार टेबलांच्या काचेखाली चार म्हातारी जोडपी त्याच हत्तीखाली बसली. गुरनुल्यांच्या काचेखाली अजून सुट्ट्यांची यादीच होती, आणि लोक आता त्या यादीकडेही वेगळ्या नजरेने बघू लागले होते.

बायको-पोरे उन्हाळ्यासाठी वडशाला गेलेली. शुक्रवारी गुरनुले पोंभुर्ण्याकडच्या आपल्या गावी उतरले. वारलूजी बाजेवर बसून दोरी वळत होते. लेकाला बघून त्यांनी विचारले, "कोन मेलं?"

"कोणी नाही. तुम्हाला फिरायला न्यायला आलो."

वारलूजींनी बायकोला हाक मारली. "शकु, ये लवकर. लच्छूची तब्येत बरी दिसत नाई."

गुरनुल्यांनी सहलीचा कार्यक्रम टंकलिखित करून आणला होता. १०.०० आगमन. १०.१५ ते ११.०० आनंद. ११.०० पाणी पिणे व तदनुषंगिक. ११.१० ते १२.०० आनंद (पुढे चालू). १२.०० आईची रक्तदाबाची गोळी. १२.१५ फोटो. खाली तीन सूचना होत्या: हात सोडू नये, अनोळखी माणसांशी बोलू नये, हरवू नये. वाघाच्या जंगलात पन्नास वर्षे मोहफुले वेचलेल्या बाईला आणि अंधाऱ्या पायवाटेने बांबूचा भार घेऊन घरी आलेल्या माणसाला ही शेवटची सूचना दोनदा वाचून दाखवण्यात आली.

मौजपुरीच्या दारात दोन खिडक्या होत्या. 'प्रौढ व्यक्ती' या खिडकीपुढची रांग उन्हात रस्त्यापर्यंत गेली होती. 'कुटुंब' या खिडकीपुढे सावली होती, पंखा होता आणि एकही माणूस नव्हता. गुरनुले सरळ तिकडे गेले. आत सायमा नावाची मुलगी संगणकापुढे बसली होती.

"कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अपत्ये," ती म्हणाली. "तुम्ही आणि मॅडम का?"

"मी नाही. हे पती, ह्या पत्नी." त्यांनी आईवडिलांकडे बोट केले. "मी अपत्य."

सायमाने त्यांच्या मिशीकडे पाहिले. "काका, अपत्य म्हणजे लहान मूल."

"कुठे लिहिलंय?" गुरनुल्यांच्या आवाजात वीस वर्षांची नोकरी उतरली. "फलकावर वयाची अट नमूद नाही. जी अट नमूद नाही, ती लावता येत नाही. नाही म्हणायचं असेल तर लेखी द्या."

'लेखी द्या' म्हटल्यावर जगातली कोणतीही खिडकी नरम पडते. सायमाने मुकाट्याने नावे भरली. संगणकात अपत्याच्या नावापुढे फक्त 'कु.' लिहिता येत होते. यंत्रातून तीन पट्टे बाहेर पडले. आईवडिलांच्या मनगटावर लाल, 'पालक'. गुरनुल्यांच्या मनगटावर हिरवा, 'बालक'. पट्टा हाताने निघत नसे. संध्याकाळी बाहेरच्या दारावर, पालकांच्या समक्ष, कात्रीने कापत.

उन्हातल्या रांगेकडे बघून गुरनुले वडिलांना म्हणाले, "पाहिलंत? नियम वाचता आला पाहिजे."

दारावर बिरजू नावाचा पहारेकरी होता. त्याने हिरवा पट्टा पाहिला आणि विचारले, "हे बालक कोनाचं?"

"माह्यं," शकुबाई म्हणाल्या.

"मंग हात धरा त्याचा. सोडू नका."

शकुबाईंनी लेकाचा हात धरला. कार्यक्रमपत्रिकेतील पहिल्या सूचनेचे पालन झाले. फक्त दिशा उलटी होती.

पहिला खटका चहाच्या टपरीवर उडाला. वारलूजींना चहा मिळाला, शकुबाईंना मिळाला. "हिरव्या पट्ट्याले चहा नाई," म्हणत पोऱ्याने गुरनुल्यांपुढे सशाचे चित्र असलेला दुधाचा पेला ठेवला. गुरनुल्यांनी नियम दाखवा म्हटले. नियम भिंतीवरच लिहिलेला होता, आणि त्यातही वयाची अट नमूद नव्हती. ते दूध प्याले.

पुढे आकाशगलबत लागले. पन्नास माणसे बसवून आभाळापर्यंत झुलणारी ती लोखंडी नाव होती. म्हाताऱ्यांनी खालूनच बघावे, असे गुरनुल्यांनी ठरवले होते. पण नावेवरच्या माणसाने लाल पट्टे बघून दोघांना आत घेतले आणि गुरनुल्यांना अडवले. "बालक आहे. पालकांची परवानगी लागेल." त्याने वारलूजींना विचारले, "काय बाबा, बसवू का याला?"

वारलूजींनी लेकाकडे पाहिले आणि प्रामाणिकपणे सांगितले, "बसवू नोका. त्याले पाळण्यात चक्कर येते. लहानपनापासून."

"बाबा!"

"लच्छू, तू त्या बाकड्यावर बैस. कुठी जाऊ नको," शकुबाई म्हणाल्या, आणि आपल्या चपला व पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवून नावेत चढल्या.

नाव झुलली. वर गेल्यावर एक बाई जी किंकाळी मारत होती ती आपल्या आईची आहे, हे गुरनुल्यांना तिसऱ्या झोक्याला कळले. त्यांनी आईला कधी ओरडताना ऐकले नव्हते. नाव थांबली तेव्हा ते उठून उभे राहिले, पण म्हातारे दुसऱ्या दाराने उतरून पुन्हा रांगेत लागले होते. शकुबाई पुढच्या बाईला आपल्या गावच्या तळ्याविषयी सांगत होत्या. बारा वाजले. गोळीची वेळ झाली. गुरनुले हाका मारत रांगेकडे निघाले, तर रांग आत गेली होती. ते पाणघसरगुंडीकडे गेले, भूतबंगल्याकडे गेले, हातात आईच्या चपला घेऊन दोनदा प्लास्टिकच्या हत्तीला वळसा घालून आले.

तिथे त्यांना बिरजूने पकडले.

"बालक एकटं फिरून राह्यलं," त्याने बिनतारी यंत्रावर कळवले. "मिशी हाये. आईच्या चपला हातात हायेत. हरवलं दिसते."

हरवलेल्या मुलांचा कक्ष मीराबाईंच्या ताब्यात होता. भिंतीवर ससे होते, खुर्च्या वीतभर उंचीच्या होत्या. मीराबाईंनी गुरनुल्यांना त्यातल्या एकीवर बसवले, हातात रंगीत खडू दिले आणि वहीत नोंद केली: रडत नाही.

"बाई, मी शासकीय कर्मचारी आहे. मी हरवलेलो नाही. मी समोर बसलो आहे."

"तुमी खरंच बोलत असान, भाऊ," मीराबाई शांतपणे म्हणाल्या. "पन तुमी म्हनता म्हनून कसं सोडू? कागद पायजे ना."

हे वाक्य गुरनुल्यांच्या परिचयाचे होते. दिवसातून वीसेक वेळा ते स्वतःच हे म्हणत.

बाजूच्या खुर्चीवर दिव्यानी नावाची पाच वर्षांची मुलगी बसली होती. मीराबाईंनी आधी तिला विचारले, "तुझी आई कशी हाये, बेटा?"

"पिवळी साडी," दिव्यानी हत्ती रंगवता रंगवता म्हणाली. "एका चपलेचा पट्टा तुटला, तिथी पिन लावली. हातात चिवड्याचा डबा हाये. मी सापडली का पयले हासन, मंग मारन."

ध्वनिक्षेपकावर पुकारा झाला. पाच मिनिटांत पिवळी साडी आली, आधी हसली, मग मारले. मीराबाईंनी सगळ्या खुणा जुळवून मुलगी ताब्यात दिली.

मग सगळ्या मौजपुरीला ऐकू जाईल असा दुसरा पुकारा झाला. "कुमार लक्ष्मण वारलू गुरनुले, वय वर्षे त्रेचाळीस, उंची पाच फूट सात इंच, पांढरा सदरा. पालकांनी घेऊन जावे." पाणघसरगुंडीवरचा एक गृहस्थ हे ऐकून मधेच थांबला. रहिवासी दाखल्यासाठी तो गुरनुल्यांच्या टेबलाला सहा खेटे घालून आला होता. "सापडला म्हणता? जाऊ देऊ नका," एवढे बोलून तो समाधानाने खाली घसरला.

वारलूजी आणि शकुबाई धापा टाकत आले. पण मीराबाईंनी त्यांना दाराबाहेरच थांबवले आणि गुरनुल्यांचे तोंड सशांच्या भिंतीकडे वळवले. कोणीही येऊन मूल घेऊन जाऊ नये, म्हणून मोठ्या मुलांसाठी लेखी तक्ता होता. पाच प्रश्न. मागे वळून बघायचे नाही.

तक्ता म्हटल्यावर गुरनुल्यांना धीर आला. आयुष्यात त्यांचा एकही तक्ता अपूर्ण राहिलेला नव्हता.

पहिला प्रश्न होता: आईच्या अंगावरील वस्त्राचा रंग. गुरनुल्यांनी पेन टेकवले आणि थांबले. सकाळी एकाच बाकावर बसून आलो, मग हात धरून फिरलो. रंग काय होता? आईला गोळी किती मिलिग्रॅमची लागते ते त्यांना ठाऊक होते. वडिलांच्या जमिनीचा गट क्रमांक तोंडपाठ होता. त्यांनी 'हिरवा' लिहिले. ते शाळेत जात तेव्हा आईचे लुगडे हिरवे असे. दुसरा प्रश्न, वडिलांच्या डोक्यावर काय आहे: 'टोपी'. तिसरा, आईच्या हातावरील ओळखीची खूण: 'निरंक'. चौथा, त्यांना सर्वांत जास्त काय आवडते: बराच विचार करून त्यांनी 'साधे जेवण' लिहिले. पाचवा प्रश्न होता: आज ते तुमच्याशी काय बोलले? बसमध्ये आई वरोऱ्यापर्यंत काहीतरी सांगत होती, एवढे त्यांना आठवले. त्यावेळी ते कार्यक्रमपत्रिका तपासत होते. तो रकाना कोरा राहिला.

मीराबाईंनी तक्ता बाहेर नेला आणि मोठ्याने पडताळला. लुगडे जांभळे होते. गुरनुल्यांच्याच बायकोने दिवाळीला घेतलेले. डोक्यावर पांढरा दुपट्टा होता. टोपी सोडून बारा वर्षे झाली होती. आईच्या उजव्या मनगटावर गोंदलेला विंचू होता, आणि सकाळपासून तोच हात गुरनुल्यांच्या हातात होता. आवड विचारल्यावर वारलूजी म्हणाले, "नाटक." शकुबाई लाजून म्हणाल्या, "नाटकातला व्हिलन."

आता पालकांना मुलाचे वर्णन विचारले. शकुबाईंचे वर्णन पानाच्या मागे गेले. कपाळावर विळ्याची खूण, डाव्या अंगठ्याचे नख वाकडे, सदऱ्याची तिसरी गुंडी दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेली. "अन् बाई, तुमी त्याले दूध तं नाई ना पाजलं? पोट बिघडते त्याचं."

मीराबाईंनी निर्णय दिला. "तुमी मायबाप हाये, हे मले पटलं. पन पोराले तुमी ओळखू येऊन नाई राह्यले. मी कसं देऊ?"

गुरनुले भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना 'लेखी द्या' म्हणावेसे वाटले नाही.

"एक कलम हाये," मीराबाई वही चाळून म्हणाल्या. "खुणा नाई जुळल्या तं पोरगं आपल्या मनानं ज्याच्याकडे जाईन, त्याले देता येते."

दार उघडले. बाहेर पुकारा ऐकून शंभरेक माणसे जमली होती. अव्वल कारकून वीतभर खुर्चीवरून उठले, त्या गर्दीसमोर दहा पावले चालले आणि जांभळ्या लुगड्यापुढे उभे राहिले. कचेरीत आणि भद्रावतीत ते 'आई' म्हणत. इथे तोंडातून निघाले, "माय."

"आला माह्या पोट्टा," म्हणत शकुबाईंनी सही केली, म्हणजे अंगठा उठवला. मग चपला आणि बाराची राहिलेली गोळी मागून घेतली. "आता अजून एक डाव बाकड्यावर बैस. आमचा नंबर लागून राह्यला होता, तं तू हरवला."

ते बसले. म्हातारे आणखी तीनदा आभाळात जाऊन आले.

परतीच्या बसमध्ये गुरनुल्यांनी विचारले, "माय, सकाळी काय सांगत होतीस? वरोऱ्यापर्यंत?"

"काई नाई रे. तुह्या बापाले उजव्या डोळ्यानं दिसत नाई म्हनत होती. दोन वर्सं झाली."

"मले सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं ना," शकुबाई म्हणाल्या. "पोळ्याले सांगितलं. दिवाळीले सांगितलं. आज सांगितलं."

सोमवारी गुरनुल्यांनी रजा टाकली. रजेचे कारण 'वडिलांचा डोळा' असे लिहिले. मोतीबिंदू निघाला, शस्त्रक्रिया झाली, वारलूजींना दिसू लागले. त्यांनी लेकाकडे नीट बघून पहिली गोष्ट विचारली, "काऊन रे, तू एवढा म्हातारा कवा झाला?"

मौजपुरीच्या व्यवस्थापनाने या प्रकरणाची गंभीर दखल घेतली. पुढच्या महिन्यापासून आईवडिलांना घेऊन येणाऱ्या प्रत्येक प्रौढाने तो पाच प्रश्नांचा तक्ता दारावरच, मागे वळून न बघता, भरून देणे बंधनकारक झाले. चांगले शिकलेले, गाडीतून आलेले लोक पेन हातात घेत, आभाळाकडे बघत, आणि अचानक एखादे महत्त्वाचे काम आठवून परत जात. दोन वर्षांत गिऱ्हाईक नाही म्हणून मौजपुरी बंद पडली. कोरे तक्ते मात्र भरपूर उरले आहेत, आणि त्यातला एक आपल्यासाठी राखून ठेवला आहे. वयाची अट नाही. घाईही नाही. फक्त हे वाचता वाचता आपला हात जो हळूच फोनकडे गेला आहे, तो मागे घ्यावा. आईला विचारून उत्तर लिहिलेले चालत नाही.