मोठ्या अक्षरांचं बायबल

रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचताना आनंदीबाई साळवींनी दोन ओळी ओलांडल्या, आणि पाठातला आजारी माणूस बरा होण्याआधीच अंथरूण उचलून घरी चालता झाला. गायनमंडळाच्या बाकावर खसखस पिकली. उपासना संपल्यावर पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बाई, यापुढं गायनमंडळातल्या मृणालीला वाचू द्याल का? ती मोबाईलवरून वाचते. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं."

"मोबाईलवरून वाचायला ते काय लाइटबिल आहे?"

"तसं नव्हे, पण..."

"त्या माणसाला मी तसाच घरी पाठवलाय. पुढच्या रविवारी हाच पाठ मी वाचणार आणि त्याला बरा करूनच पाठवणार. त्यात चुकले तर मग खुशाल द्या मृणालीला."

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून डॉक्टरांचं अक्षर लावण्यात ज्यांची हयात गेली, त्या आनंदीबाई छापील अक्षरापुढं हार मानतील हे शक्यच नव्हतं. शिवाय हा पाठ वाचण्याचा मान त्यांच्या आईकडून त्यांच्याकडं आलेला होता. तो गेला असता तर रविवारी नुसतं बसून काय करायचं, हे त्यांना खरंच कळलं नसतं.

दोष डोळ्यांचा नव्हताच. त्यांच्या मांडवी गावात नुकतंच नेत्रशिबिर झालं होतं आणि नंबर काढून नवाकोरा चष्मा मिळाला होता. तेव्हा दोष बायबलचा. आईच्या वेळचं ते, अक्षर मोहरीएवढं. आनंदीबाईंनी मुंबईच्या भाच्याला फोन लावला. "रोज वाचायचंय. आडवं पडून वाचता आलं पाहिजे, चूल सांभाळत वाचता आलं पाहिजे, आणि अक्षर दिसलं पाहिजे. बाकी सोनेरी कडा वगैरे मला नकोत."

भाच्यानं तीन बायबलं पाठवली. पसंत पडेल ते ठेवायचं, बाकीची दुकानाला परत, पण कोरीच्या कोरी.

शेजारची बकुळा ते बघायला गडग्यापाशी आली. दोन घरांच्या मधला हा चिऱ्यांचा गडगा म्हणजे या दोघींची बैठक. बकुळाचा मासळीचा धंदा. दुपारी दोघी गडग्याच्या दोन बाजूंना बसून घरचे मासे साफ करत. काचेवर खवले उडतात म्हणून चष्मे काढून गडग्यावर ठेवत. शिबिरात सगळ्या मांडवीला एकाच साच्याचे तपकिरी चष्मे मिळाले होते. फुकट मिळालेली वस्तू पुरेपूर वापरायची म्हणून बकुळा तो दिवसभर घाली, आणि हल्ली मासा अगदी नाकाला लावून बघत असे.

पहिलं बायबल हातात मावणारं, चेनच्या कव्हरचं. आनंदीबाईंनी उघडलं आणि मिटलं. "मुंग्या चालल्यात नुसत्या."

दुसरं मध्यम. धरायला छान, पण अक्षर धुकटलेलं. "हल्ली छापणारे शाई वाचवतात."

तिसरं उघडल्यावर मात्र त्यांचा चेहरा खुलला. एकेक अक्षर एसटीच्या पाटीवरच्यासारखं. पण उचलायला गेल्या तर मनगटात कळ आली.

"काय गो बाय, वरवंटा हाय काय ह्यो?" बकुळा म्हणाली.

तरी चाचणी ती चाचणी. आनंदीबाई खाटेवर आडव्या पडल्या आणि ते थोरलं बायबल दोन्ही हातांनी छातीवर उभं केलं. थोड्याच वेळात ते सावकाश कललं आणि त्यांच्या नाकावर येऊन विसावलं. नाक चोळत त्यांनी निर्णय दिला, "हे परत. मधलं ठेवते. उजेडात बसून वाचीन." आणि थोरलं बायबल खाटेशेजारच्या स्टुलावर, पेजेच्या वाटीपाशी ठेवून त्या बाजारात गेल्या.

परत येऊन बघतात तर स्टूल रिकामं. थोरलं बायबल कपाटावर, लाल फडक्यात गुंडाळलेलं, वर जास्वंदीचं फूल. फडकं सोडलं तर कव्हरवर हळदकुंकू.

"बकुळे! हे काय केलंस?"

"देवाचं पुस्तक पेजेच्या वाटीला लावून ठेवतात काय? माका बगवना."

"अगो, आमचं तसं नसतं! आम्ही ते जेवतानासुद्धा वाचतो. आणि हे परत करायचं होतं, कोरं!"

"देवाचं पुस्तक परत करतात?" बकुळानं कपाळाला हात लावला. तिला खरोखरच वाईट वाटलं होतं, पण ते परत करण्याबद्दल.

हळदकुंकू निघेना. दुकानदार घेईना. शेवटी मधलं आणि धाकटं परत गेलं आणि आनंदीबाईंच्या वाट्याला वरवंटा आला. "असू दे. ह्याच्यावरूनच वाचणार," त्यांनी जाहीर केलं.

"मग मी घेऊन येतंय. माझ्यामुळं झालाय तर."

रविवारी बकुळा रिक्षातून उतरली आणि बायबल सवयीनं डोक्यावर घेऊन चर्चच्या दारातून आत आली. आनंदीबाई पुढं, खांद्याला पर्स, पर्समध्ये सवयीनं आईचं जुनं बायबल. बाकावर पंख्याचा वारा पोचत नव्हता. दोघींनी चष्मे काढून थोरल्या बायबलावर ठेवले, पदरानं तोंडं पुसली, आणि चष्मे उचलले.

तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. आनंदीबाई पुढं गेल्या, बकुळानं मागोमाग येऊन बायबल वाचनाच्या स्टँडवर ठेवलं. स्टँड एका बाजूला कलला. गायनमंडळातून "आई गं" असा आवाज आला. बकुळानं झेप घेऊन बायबल वरच्यावर धरलं आणि दोन्ही हातांवर उघडून आनंदीबाईंसमोर उभी राहिली.

"वाचा बिनधास."

आनंदीबाईंनी बघितलं आणि त्या दचकल्या. अक्षरं अंगावर धावून येत होती. एका नजरेत ओळ मावेना. त्यांनी मान वर केली, तर बकुळा डोळे विस्फारून चर्च न्याहाळत होती.

"अगो बाय," बकुळा कुजबुजली, "ह्यो पाळकसाहेब केवढो तरणो हाय! मी आपली म्हातारो समजत होतंय."

आनंदीबाईंनी तिच्या नाकावरच्या चष्म्याकडं पाहिलं. मग स्वतःचा काढून पाहिला, परत घातला. गडगा, खवले, नाकाला लावलेला मासा, सगळं एकदम आठवलं. गडग्यावर अदलाबदल झालेले चष्मे आज बाकावर आपापल्या नाकावर परत आले होते. त्यांना हसू आलं आणि त्याहून जास्त हायसं वाटलं. डोळे शाबूत होते, आणि आईचं बायबलही.

मृणाली मोबाईल हातात घेऊन अर्धवट उठली होती. "बस गो तू," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून जुनं बायबल काढलं, थोरल्याच्या उघड्या पोटात ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. मोहरीएवढी अक्षरं मण्यांसारखी ओळीनं उभी होती. एकही ओळ सुटली नाही. आजारी माणूस आधी बरा झाला, मग त्यानं अंथरूण उचललं, आणि मगच तो घरी गेला.

"गेला एकदाचा," बकुळा मोठ्यानं म्हणाली. या वेळी सगळं चर्च हसलं, आनंदीबाईसुद्धा.

समोरच्यांना दिसलं होतं ते फक्त थोरलं बायबल. उपासना संपल्यावर पाळकसाहेब लगबगीनं आले. "बाई, शास्त्रपाठ तुमच्याकडंच राहील. काय वाचलंत! हे बायबल मागवलंत कुठून? मंडळीतल्या सगळ्या वयस्कर लोकांसाठी असंच घेऊ या."

बकुळा हात दाबत दाबत उभी होती. आनंदीबाईंनी तिच्याकडं पाहिलं.

"घ्या की," त्या म्हणाल्या. "पण प्रत्येकासोबत एक बकुळा मागवावी लागेल."