उलटे-सुलटे सेल

आमच्या घरात सेल घालायचा मान माझा. टॉर्च असो, घड्याळ असो, टीव्हीचा रिमोट असो. सेल संपले की सगळे माझ्यापुढे हजर. मी चार बुकंही धड शिकले नाही, पण सेलची टोपी कुठं आणि बूड कुठं, हे मला अंधारात चाचपून कळतं. घरातले पदवीवाले मात्र चष्मा लावून, भर उजेडात उलटे घालतात. हे मी त्यांना दरवेळी ऐकवते. फुकट काम करायची मला सवय नाही.

आणि या मानावर घाला घातला कुणी? माझ्याच सुनेनं.

चांगली नोकरी सोडून ती जेवणाच्या टेबलावर पत्रे कापत बसली आणि सेल ठेवायचं एक घर बनवलं. त्यात सेल उलटा घाला, सुलटा घाला, टॉर्च पेटणारच. दोन्ही टोकांना मध्ये खळगा, भोवती कडी. टोपी खळग्यात टेकते, बूड कडीवर.

"चुकायची सोयच ठेवली नाही, आई!" ती म्हणाली.

"कुणी चुकायचंच नाही, तर मग शहाण्या माणसाला काय किंमत गं?"

एका रविवारी कारखानदार ते बघायला घरी आले. त्यांनी होकार दिला तर टॉर्च त्यांच्या कारखान्यात निघणार. नाही तर सून पुन्हा जुन्या साहेबाच्या दारात. म्हणून मी ठेवणीतले कपडे घालून गप्प बसले होते. गप्प बसणं मला किती जड जातं, ते घरच्यांना विचारा.

सुनेनं सेल उलटे घातले. पेटली. सुलटे घातले. पेटली. एक असा, एक तसा. तरी पेटली.

कारखानदारांनी हनुवटी खाजवली. "तुम्ही बनवलंय, तुम्हाला जमणारच. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही, अशा माणसाला घालू द्या." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आजी, तुम्ही या."

ओ की ठो! आणि वर आजी! स्वतःच्या डोक्यावर औषधाला केस नाही.

"येते की," मी म्हटलं. "पण सेल माझे. हिच्या सेलांत काही हातचलाखी असली तर?"

"हे अगदी बरोबर बोललात!"

मी आतून माझा डबा आणला, दोन सेल घातले, बटण दाबलं. टॉर्च ढिम्म.

खोटं कशाला बोलू, आधी मला गुदगुल्याच झाल्या. 'आता बोला!' अगदी ओठांवर आलं होतं. मग सुनेचं तोंड पाहिलं आणि गुदगुल्या जागच्या जागी जिरल्या.

"कडी सैल झाली असेल," ती पुटपुटली.

मुलगा मदतीला धावला. त्यानं आजवर जे उघडलंय, ते पुन्हा कधी मिटलेलं नाही. पेचकस लावला मात्र, कडी टणकन उडाली ती थेट कारखानदारांच्या चहात. त्यांनी ती चमच्यानं काढली, बशीत ठेवली आणि घड्याळ पाहिलं.

"कल्पना चांगली आहे हो, पण..." ते उठू लागले.

माझी नजर डब्यावर गेली. डबा निळा! लाल डब्यात माझे नवे सेल असतात. निळ्यात संपलेले, ते मी खिडकीत उन्हाला ठेवून आणखी थोडे वापरते. नुसतं दाखवायला नवे कशाला जाळा, म्हणून मीच शहाणपणानं निळा उचलला होता. आणि आठवडाभर ऊन कुठलं पडलंय!

गप्प बसले असते तर माझा मान शाबूत राहिला असता. पण पोर टेबलावरचे सुटे भाग गोळा करायला लागली होती.

"बसा हो," मी कारखानदारांना म्हटलं. "टॉर्चचा दोष नाही. माझे सेल मेलेत."

"आई! तुला तर अंधारात कळतं ना?" मुलगा ओरडला.

"टोपी-बूड कळतं रे. मेला की जिवंत, ते नाही कळत."

सुनेनं कडी पुसून बसवली. नवऱ्याला हात लावू दिला नाही. लाल डबा आला. मी तोंड फिरवून सेल कसेही कोंबले. टॉर्च अशी पेटली की कारखानदारांचं टक्कल लखलखलं. ते हसत पुन्हा बसले आणि बोलणी पक्की करूनच उठले.

आता ती टॉर्च दुकानात मिळते. खोक्यावर माझा फोटो आहे. झकास आलाय, नाही म्हणत नाही. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, 'कुणालाही जमेल!'

"कुणालाही म्हणजे कुणाला गं?" मी सुनेला जाब विचारला.

"आई, खालची ओळ तरी वाचा."

चष्मा लावून, अक्षराला अक्षर जुळवत वाचली. 'सेल मात्र जिवंत हवेत.'

एक खोकं मी काचेच्या कपाटात ठेवलंय. फोटो दिसतो. ओळींपुढं फुलदाणी आहे.